फोटोतला डाग

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात इव्हर्ट्स ग्रॅहम या शल्यविशारदांनी जेम्स गिल्मोर यांचे डावे फुप्फुस काढले. कर्करोगासाठी अख्खे फुप्फुस एकाच वेळी काढण्याची ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. गिल्मोर स्वतः डॉक्टर होते. त्यांची गाठ एका फुप्फुसापुरती असतानाच सापडली आणि पुढे ते सुमारे तीस वर्षे जगले. ग्रॅहम अनेक वर्षे सिगारेट ओढत. १९५० मध्ये अर्न्स्ट विंडर यांच्यासोबत त्यांनी धूम्रपानाचा या आजाराशी संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला आणि नंतर सिगारेट सोडलीही. १९५७ मध्ये त्यांच्याच छातीत कर्करोग निघाला, तो दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. त्याच वर्षी ते गेले. त्यांचा रुग्ण तेव्हा हयात होता.

सणाच्या अंकाचे पहिले पान अशा विषयाला द्यावे का, असे एखाद्या वाचकाला वाटेल. द्यावे, कारण या आजारात हातचा वेळ बहुधा घरातच निसटतो.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार माणसे त्याने दगावली. दोन आकड्यांत इतके थोडे अंतर राहते, कारण बहुतेक रुग्ण आजार पसरल्यावरच कर्करोगतज्ज्ञापर्यंत पोहोचतात.

उशिराचे एक मोठे कारण आपल्या ओळखीचे आहे. खोकला लांबला की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो गैर नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. लांबलेला खोकला, बारीक ताप, उतरणारे वजन, बेडक्यातून रक्त ही लक्षणे दोन्ही आजारांत दिसतात. छातीच्या फोटोतला डागही फसवतो. मग थुंकीत जंतू सापडलेले नसतानाच टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. गाठीमुळे श्वासनलिका तुंबून मागे साचलेला जंतुसंसर्ग त्या गोळ्यांनी थोडा ओसरू शकतो. रुग्णाला जरा बरे वाटते, घरचे निश्चिंत होतात, आणि गाठ वाढत राहते.

यात तपासणीच्या सोयीपेक्षा सवयीचा दोष मोठा आहे. सीबीनॅट यंत्रावर थुंकीचा निकाल काही तासांत मिळतो आणि सरकारी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. त्यात क्षय दिसला नाही आणि डाग कायम राहिला, तर पुढची पायरी सीटी स्कॅनची आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीची किंवा बायोप्सीची. औषधे चालू असूनही दोन महिन्यांत वजन उतरतच असेल, तर निदान पुन्हा तपासलेच पाहिजे.

‘त्यांनी कधी विडीला हात लावला नाही’ हे वाक्य अशा वेळी फार नुकसान करते. तंबाखू हे सर्वांत मोठे कारण आहेच. पण कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही, विशेषतः स्त्रियांना, हा कर्करोग होतो. बाहेरच्या हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केले.

पसरलेल्या आजारातही आता हात टेकण्याचे कारण नाही. ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारच्या भारतीय रुग्णांपैकी साधारण चौघांत एकाच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातला बदल सापडतो आणि त्यावर नेमकी काम करणारी गोळी मिळते. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात अशा ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या जेफिटिनिब या गोळीने आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला. सोबत केमोथेरपी दिल्यावर १६ महिने. औषधे जुनी, परवडणारी. संशोधन इथले, रुग्ण इथले. याचा अभिमान वाटायला हवा. मात्र जनुकाची तपासणी उपचाराआधी झाली तरच या ज्ञानाचा उपयोग. ओसिमर्टिनिबसारख्या नव्या औषधावरचे सीमाशुल्क २०२४ मध्ये माफ झाले, तरी ते अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच आहे. शासनाने इथे आणखी पुढे यायला हवे.

मुखाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी देशात तपासणी मोहीम आहे, फुप्फुसासाठी नाही. अमेरिकेत खूप धूम्रपान केलेल्यांची कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने दरवर्षी तपासणी केल्यावर या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसले. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण इतक्या छात्यांत आहेत की ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. म्हणून सध्या भिस्त लक्षणे वेळेवर ओळखण्यावर आहे.

भाऊबीजेला मुंबई-पुण्याची माणसे गावी येतात. वर्षभराने भेटणाऱ्याला काकांचा सैल झालेला सदरा आधी दिसतो. रोज पाहणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटतो. खोकला तीन आठवड्यांवर गेला असेल, थुंकीत एकदा जरी रक्त आले असेल, तर थुंकीचा रिपोर्ट काय आला, हे विचारावे आणि जुने-नवे फोटो शेजारी ठेवून छातीच्या डॉक्टरांना दाखवावेत. बायोप्सी झाली असेल, तर मोठ्या रुग्णालयात जाताना कागदांबरोबर तिच्या नमुन्याचे ब्लॉक आणि स्लाइडही न्याव्यात. त्या मागे राहिल्या, की पुढच्या तपासण्या अडतात आणि त्या आणायला कोणाला तरी परत गावी जावे लागते.