पाणमांजराची हजेरी

नदीकाठच्या माणसाला विचारावे, इथे पाणमांजर आहे का? बहुतेक जण मान हलवून नाही म्हणतात. त्यांचा दोष नाही. हा प्राणी चाहूल लागताच बुडी मारतो. पण दिसला नाही तरी तो आपली हजेरी लावून जातो आणि ती काठच्या माणसांना वाचता आली पाहिजे, असे आम्हाला वाटते. कारण वाळूसाठी काठ पोखरणाऱ्यांना ‘इथे काही नाही’ एवढेच म्हणायचे असते.

सर्वांत बोलका पुरावा विष्ठेचा. वाचकहो, नाक मुरडू नका! पाणमांजरे काठावरच्या ठरलेल्या खडकावर किंवा वाळूवर पुन:पुन्हा तिथेच विष्ठा करतात. ओली असताना तिला मासळीचा उग्र वास येतो. वाळली की भुगा होतो आणि आत खवले, काटे दिसतात. सिंधुदुर्गातल्या तिलारीच्या परिसरात पाणमांजराच्या दोन जाती आहेत. खवलेच खवले असले तर बहुधा मोठे पाणमांजर, खेकड्याच्या कवचाचे तुकडे असले तर लहान नखांचे. मोठेही अधूनमधून खेकडा खाते, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नये.

मग ठसे पाहावेत. कुत्र्या-मांजराचा ठसा चार बोटांचा, पाणमांजराचा पाच बोटांचा. पाच बोटे मुंगसालाही असतात, पण त्याचा ठसा बराच लहान. मऊ चिखलात पाणमांजराच्या बोटांमधला पडदाही उमटतो. कधी मागे शेपटी ओढल्याची रेघ असते.

ज्यांची जाळी फाटतात त्या मच्छीमार बांधवांचा राग आम्ही समजू शकतो. जाळे म्हणजे घामाचा पैसा. पण जाळी खेकडेही कातरतात. आरोप ठेवण्यापूर्वी काठावरचा ठसा पाहावा, एवढेच म्हणणे. २०१९ साली या दोन्ही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, ती काही त्या मुबलक आहेत म्हणून नव्हे.

सुट्टीच्या दिवशी मुलांना दाखवायला न्यावे. ठशाशेजारी रुपयाचे नाणे ठेवून मोबाईलवर फोटो घ्यावा. तारीख आणि जागा वहीत लिहावी. वाळूच्या लिलावाचा विषय निघाला तर ग्रामसभेत ती वही मांडता येते. विष्ठेला हात लावू नये, बिळापासून लांब राहावे. वाशिष्ठीसारख्या मगरींच्या नदीत तर पाण्याच्या कडेला उतरूच नये. पावसाळ्यात सगळ्या खुणा धुऊन जातात. दिवाळीनंतर पाणी ओसरून काठ उघडा पडला की शोध सुरू करावा, तोही सकाळीच, गुरे पाण्यावर येण्याआधी.