पाटीवर ज्यांचे नाव नव्हते

नागपुरात चार माणसे एकत्र बसली आणि जुन्या बर्डीचा विषय निघाला, की गप्पा संपता संपत नाहीत. कोणत्या कोपऱ्यावर कोणते हॉटेल होते, मोदीच्या कोणत्या गल्लीत पुस्तके मिळत, कोणत्या टॉकीजमध्ये कोणता सिनेमा किती आठवडे चालला. महालातले वाडे, इतवारीतल्या सराफांच्या पेढ्या, गांधीबागेतली कापडाची दुकाने यांचीही अशीच उजळणी होते. मलाही या गप्पा आवडतात. पण एक गोष्ट खटकत राहते. आठवणीतली बहुतेक सगळी दुकाने पुरुषांच्या नावाची असतात. बाई आलीच तर गिऱ्हाईक म्हणून येते, तीही कोणाच्या तरी सोबत.

मग बाजारात बायका नव्हत्याच का? होत्या. दुकानाच्या आत नव्हत्या, ओट्यावर होत्या. भाजीच्या टोपल्या, बांगड्या, फुलांचे हार, केरसुण्या घेऊन त्या दुकानांच्या पायऱ्यांशी बसत. कोष्टी वस्त्यांतल्या बायका घरी कांड्या भरत, तेव्हा कुठे मागावर लुगडे विणले जाई आणि पेढीवर विकायला येई. दुकान ज्याचे, पाटी त्याची. कष्टाला पाटी नसते.

एम्प्रेस मिलचेच पाहा. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि तिच्या भोंग्यावर शहराचा दिवस चालू लागला. १९८६ साली ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. तिच्या जागेवर पुढे मॉल आला. गिरणीच्या आठवणी निघतात तेव्हा टाटांचे नाव निघते, पुरुष कामगारांचे हाल निघतात. कापड गिरण्यांच्या रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत बायका राबत होत्या, हे कितीजणांना आठवते? नागपूरच्या कामगार चळवळीतून राधाबाई कांबळे यांच्यासारखी पुढारी तयार झाली. तिची ओळख आपल्याला झाली ती ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली लिहिले म्हणून. त्या दोघी घरोघर जाऊन आठवणी गोळा करत फिरल्या नसत्या, तर हे नावही मिलच्या भिंतींबरोबर गेले असते.

याच शहरात २० जुलै १९४२ रोजी, मोहन पार्कवर, अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. हजारो बायकांसमोर घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्वाला विरोधाचे, कामकरी स्त्रियांच्या रजेचे ठराव झाले. जुन्या नागपूरच्या गप्पांत हॉटेलातल्या चिवड्याची चव निघते, मोहन पार्कचे नाव मात्र मी क्वचितच ऐकले आहे.

कोणी म्हणेल, आठवणींचे एवढे काय घेऊन बसलात? इमारती पडल्या, दुकाने गेली, आता रडून काय उपयोग? माझे म्हणणे असे की आठवण ही नुसती हळहळ नाही, तो पुरावा आहे.

जुनी इमारत पडते तेव्हा मालकाला मोबदला मिळतो, पावतीवर नाव असलेला भाडेकरू हक्क सांगू शकतो. ओट्यावरच्या बाईचे काय जाते? तिची सावली जाते. रात्री टोपली ठेवायची जागा जाते. पाणी भरायचा नळ जातो. मागच्या वाड्यातल्या बाईने आपलेपणाने उघडी ठेवलेली न्हाणी आणि संडास जातो. ही शेवटची गोष्ट पुरुषांच्या लक्षातही येत नाही. वाडा पाडल्यानंतर दिवसभर पाणीच न पिणाऱ्या विक्रेत्या बायका मी कामाच्या निमित्ताने पाहिल्या आहेत. अशीच एक बांगडीवाली मावशी मला म्हणाली, “मोजणीवाले आले होते बाई, पण त्यांनी दुकानं मोजली.” तिची सासूही त्याच ओट्यावर बसत असे. दोन पिढ्यांचा धंदा, पण कागदावर एक ओळ नाही.

म्हणून जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यातही मला रस नाही. तो ओटा हक्काचा नव्हता, मालकाच्या मर्जीचा होता. मर्जी फिरली की उठावे लागे. आपल्याला ती मर्जी परत नको, हक्क हवा.

आणि त्यासाठी आज कायदा आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला. शहराच्या विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांच्यात एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले आहेत, तो आपसूक वसलेला बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व या कायद्याच्या परिशिष्टात घातले आहे. वारसा म्हणजे फक्त कमानी आणि नक्षीचे खांब नव्हेत, हे कायद्यानेच मान्य केले आहे. पण पन्नास वर्षे सिद्ध कोण करणार? ज्यांच्याकडे पाटी नाही, गाळ्याची पावती नाही, त्यांच्याजवळ आठवणच आहे. आणि लिहून न ठेवलेली आठवण कचेरीत चालत नाही.

संघटित समाज आठवण टिकवू शकतो, हे याच बर्डीने पाहिले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. त्यांत बायका आणि लेकरे फार. समाजाने ती आठवण दरवर्षी जागी ठेवली. आज झिरो माईलजवळ स्मारक आहे आणि बर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे.

मैत्रिणींनो, प्रत्येक गटाने आपल्या गावचा एक जुना बाजार वाटून घ्यावा. कोणती बाई कुठे बसत होती, कधीपासून, तिच्या आधी तिथे कोण होते, हे तिच्याच तोंडून ऐकून लिहावे, तारीख घालावी, तिची सही किंवा अंगठा घ्यावा. बैठकीच्या रोजच्या पावत्या, लग्नातल्या फोटोत मागे दिसणारे दुकान, जुने रेशनकार्ड, जे सापडेल त्याच्या नकला काढाव्यात. बाजाराचा हाताने काढलेला नकाशाही चालेल. पाणी आणि संडास कुठे होता, हे त्यावर जरूर दाखवावे, म्हणजे नव्या बांधकामात तो मागता येईल. हे कागद विक्रेता समितीतल्या स्त्री प्रतिनिधीच्या हाती द्यावेत. ती नेमलेलीच नसेल, तर पहिली मागणी तीच.

म्हाताऱ्या बायका थकत चालल्या आहेत. पुढची मोजणी केव्हा येईल सांगता येत नाही. त्याआधी आपली वही भरलेली असावी.