आज्याचा दाखला आणि नातीचं कॉलेज



"आदिवासींना सगळं फुकट आहे. फी माफ, जागा राखीव, वर स्कॉलरशिप. मग तुमची पोरं कॉलेजात का दिसत नाहीत?" बाजारात, एस.टी.त, कचेरीत हे बोलणं आपण रोज ऐकतो. आपल्यातलेही चार शिकलेले आता तेच बोलायला लागलेत. याला एकदा नीट उत्तर दिलं पाहिजे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली निघालं. आपल्या पालघर जिल्ह्यातले जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी त्याच्याच हद्दीत. राज्यात अनुसूचित जमातींना 7 टक्के जागा राखीव. दार उघडं दिसतं. पण दारात उभा असलेला माणूस कागद मागतो.

प्रांताने दिलेला जमातीचा दाखला पुरत नाही. इंजिनिअरिंग, डॉक्टरकी अशा कोर्सला राखीव जागा घ्यायची तर पडताळणी समितीची 'व्हॅलिडिटी' लागते. समितीचं ऑफिस लांब. पाड्यावरून जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडला. अर्जाला काय जोडायचं? पोरीचा शाळेचा दाखला, बापाचा, आज्याचा, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, सातबारा, वंशावळ. त्यातही 6 सप्टेंबर 1950 च्या आधीच्या कागदाला वजन जास्त, कारण त्या दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने जमातींची यादी निघाली.

आम्ही विचारतो, 1950 च्या आधी आमचा आजा कुठे होता? 1945 साली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. तोवर तो सावकाराच्या गवतात आणि ठेकेदाराच्या कुपात राबत होता. त्याला शाळेचं दार कोणी दाखवलं नाही. आणि आज सरकार त्याच्या नातीकडे त्याचा शाळेचा दाखला मागतंय! जो जितका मागे ठेवला गेला, तितका त्याचा पुरावा कच्चा. कातकऱ्यांचं तर विचारूच नका. दिवाळी झाली की बिऱ्हाड वीटभट्टीवर. जमीन नाही म्हणून सातबारा नाही, शाळा नाही म्हणून दाखला नाही. सरकारच्या यादीत मात्र ते 'आदिम जमात'.

जुना कागद असतो तरी कुठे? कोतवाल बुक तहसील कचेरीत, रजिस्टर शाळेत. दोन्ही दप्तरं सरकारी. शोधायचं मात्र बापाने, मजुरी बुडवून. रेकॉर्ड फाटलंय, वाळवीने खाल्लंय, सोमवारी या. सापडलंच तर मोडीत, मग वाचणारा शोधा, त्याला पैसे द्या. मास्तराने जमातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहून ठेवलं असेल, तर तेही पोरीनेच निस्तरायचं. तोवर ॲडमिशनची तारीख निघून जाते.

हा खर्च कोणत्या माफीत बसतो? बाप बैल विकतो, गवत कापायची उचल घेतो, नाहीतर शेताचा तुकडा सावकाराकडे टाकतो. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, म्हणून हा व्यवहार तोंडी. लढून सोडवलेली जमीन अशी कागदापायी परत जाते. म्हणून हा प्रश्न जमिनीच्या संघटनेचा आहे.

कोणी म्हणेल, पडताळणी तर तुम्हीच मागितली होती. होय, मागितली. आजही मागतो. बोगस आदिवासींनी आपल्या जागा लाटल्यात. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली, तो खटलाही मेडिकलच्या जागेवरूनच होता. राज्याचा कायदा 2001 पासून लागू आहे. पण चोर पकडायला बसवलेल्या पहारेकऱ्याने घरधन्यालाच उंबऱ्यावर अडवलंय. बोगसवाला पैसे टाकून कागद पैदा करतो, वकील लावतो, स्टे आणतो. खऱ्याकडे ना कागद, ना वकील. खरा कोण ते गावाला विचारा ना! कोणाच्या लग्नात धवलेरी गाते, चौकात पालघट कोण लिहितं, हे गावाला पक्कं ठाऊक आहे.

आम्ही नवीन काही मागत नाही. 2006 चा वनहक्क कायदा झाला, 2008 च्या जानेवारीत त्याचे नियम आले. त्यात नियम 13 प्रमाणे गावातल्या वृद्धांचं लेखी घेतलेलं म्हणणं पुरावा म्हणून चालतं, आणि दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. हे आपण लढून मिळवलंय. म्हाताऱ्याचा शब्द जमिनीला चालतो, तर कॉलेजला का चालत नाही?

आमच्या मागण्या:

1. ग्रामसभेचा ठराव आणि वृद्धांचं निवेदन जमातीचा पुरावा म्हणून धरा.
2. जुनं रेकॉर्ड सरकारने शोधावं, मोडीचं वाचन सरकारी खर्चाने करावं.
3. बापाची किंवा सख्ख्या भावंडाची व्हॅलिडिटी झाली असेल तर पुन्हा आज्यापर्यंत जाऊ नये.
4. समितीने दरवर्षी तालुक्याला येऊन बसावं. अर्ज नववीतच शाळेतून घ्यावेत.
5. उशीर समितीचा असेल तर पोरीची जागा, वसतिगृह आणि स्कॉलरशिप जाता कामा नये.
6. बोगस ठरलेल्याची डिग्री आणि नोकरी दोन्ही काढून घ्या.

पाड्यापाड्यात बैठका घ्या. दहावी-बारावीला बसलेल्या पोरापोरींची यादी करा, कोणाचा कागद कुठल्या टेबलावर अडलाय ते लिहून आणा. पुढच्या मोर्चाला जमिनीच्या दाव्यांबरोबर ही यादीही तहसीलदाराच्या टेबलावर ठेवू, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

जमीन आमची, कॉलेजही आमचं!