बदकाच्या पिल्लाला चुरमुरे नकोत

या आठवड्यात निपाणीच्या बाजारात एक बुट्टी भरून बदकाची पिल्लं आली होती. विकणारा एका आजींना समजावत होता, "चुरमुरे भिजवून घाला की वो मावशी, वरनं चिमूटभर पेंड टाका. काय होत न्हाई." आजींच्या नातवानं तोवर पिल्लू छातीशी धरलेलं. सौदा झाला. खाण्यापिण्यावरून या सदरात वाद निघतो, हे वाचकांना नवं नाही. यावेळचा वाद त्या 'काय होत न्हाई'शी आहे. होतं, आणि पहिल्या काही आठवड्यांतच होतं.

आधी अंडी उबवण्याचा हिशेब. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, बदकाचं 28 दिवसांत, आणि लाल गाठाळ तोंडाच्या मस्कोव्ही बदकाचं साधारण 35 दिवसांत. उबवणी यंत्रात उष्णता 37.5 अंश सेल्सिअस लागते. साध्या बदकाची अंडी 25व्या दिवसानंतर फिरवायची नसतात आणि शेवटचे तीन दिवस ओल वाढवायची असते. खात्रीची जात हवी असेल तर बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारचं बदक पैदास केंद्र आहे.

घरात यंत्र नसलं तर खुडूक कोंबडी असतेच. बदकाची अंडी तिच्याखाली बसवायची वेळ येते, कारण खाकी कॅम्पबेल स्वतः बसत नाही. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या अडेल कॅम्पबेल बाईंनी विसाव्या शतकाच्या तोंडावर ही जात तयार केली ती अंड्यांसाठी. वर्षाला 300च्या घरात अंडी देणाऱ्या या बदकात उबवण्याची ओढ जवळपास उरलेलीच नाही. कोंबडी मात्र परकं अंडं तेवढ्याच मायेनं उबवते. गडबड होते ती दोन्हीकडची अंडी एकाच दिवशी बसवल्यावर. एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्लं बाहेर येतात, ती त्यांना घेऊन उठते, आणि आत जीव धरलेली बदकाची अंडी तिथंच गार पडतात. बदकाची अंडी आठवडाभर आधी ठेवली की हे टळतं. मग फुटायची वेळ येते. कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक ते दोन दिवस लागू शकतात. एवढ्या वेळात आतल्या रक्तवाहिन्या आटत असतात, उरलेलं बलक पोटात शोषलं जात असतं. दया येऊन कवच सोलणाऱ्या हातांमुळं कितीतरी पिल्लं रक्त वाहून गेली आहेत.

आता चुरमुरे. निपाणी-बेळगावकडच्या माणसाचं चुरमुऱ्यावर प्रेम आहे आणि ते असावंच. पण चुरमुरा म्हणजे कोंडा गेलेला, फुललेला तांदूळ. त्यात राहतो तो बहुतेक पिठूळ भाग. बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, आणि ते अंगात तयार करण्याची त्याची ताकद तोकडी असते. ते मिळालं नाही की घोट्याचा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू चालायचं सोडून बसून राहतं. 'थंडी बाधली' म्हणून त्याला बल्बखाली ठेवतात. बल्ब लागतोच, पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास ऊब हवीच. पण वाकलेला पाय बल्बनं सरळ होत नाही. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य आणि त्यात थोडं यीस्ट, एवढ्यावर हे दुखणं येतच नाही. शेजारी चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं पाणी हवं. आंघोळीचा टब मात्र नको, नवी पिल्लं त्यात भिजून गारठतात.

मग आजींना सांगितलेली शेंगदाण्याची पेंड? शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, म्हणजे सल्ला मुळात चुकीचा म्हणता येत नाही. पण पावसाळ्यात ओल धरलेली पेंड म्हणजे बदकाच्या पिल्लासाठी विष, आणि हे जगाला कळलं ते याच पिल्लांमुळं. 1960 साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत लाखावर टर्की पिल्लं मेली. कारण कळेना, म्हणून रोगाला नाव पडलं 'टर्की एक्स'. बदकाची पिल्लंही हजारोंनी गेली. शोध घेता घेता माग लागला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. तिच्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं. पुढं कुठल्या खाद्यात हे विष आहे हे ताडायला प्रयोगशाळा एक दिवसाची बदकाची पिल्लंच वापरू लागल्या, कारण इतक्या थोड्या विषानं यकृत बिघडणारा जीव दुसरा सहज सापडत नव्हता. ज्या पिल्लाचं यकृत तिथं मोजमापाला घेतलं, त्याच पिल्लापुढं इथं पोत्याच्या तळची पेंड ठेवली जाते, हे बघवत नाही.

हे विष पिल्लांपुरतंही थांबत नाही. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात लोकांनी अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ला आणि शंभरावर माणसं काविळीनं दगावली. मका आणि शेंग, दोन्ही निपाणी-बेळगावच्या सीमाभागातल्या घराघरांत आहेत. चटणीला दाणे निवडताना जुन्या बायका काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा बाजूला काढतात ते अगदी बरोबर आहे. पण बाजूला काढलेला तो दाणा जातो कुठं? कोंबड्यांना, नाहीतर म्हशीच्या आंबोणात. भाजून किंवा उकळूनही हे विष पुरतं जात नाही.

खरं काम शेंग काढल्यावर लगेच करायचं असतं. सुगीला परतीचा पाऊस नेमका अंगावर येतो, तरी शेंग ताडपत्रीवर पातळ पसरून पुन्हा पुन्हा उलटावी. ओल आठ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत पोतं भरू नये. मोजायचं यंत्र नसलं तरी शेंग कानाशी हलवून पाहता येते, वाळलेला दाणा आत खुळखुळतो. पोती भुईवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून सुटी ठेवावीत. पेंड घेताना वास घ्यावा, कुबट असली तर घेऊ नये; आणि वास चांगला आला तरी बदकाच्या पिल्लाला ती घालूच नये, कारण थोडकं विष नाकाला कळत नाही. निवडून काढलेला खराब दाणा जनावरालाही नको. म्हशीनं खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो, आणि ते दूध घरातली लेकरंच पितात.