प्रतिध्वनीची साक्ष

कुंभाराकडून मडके घेताना ते टिचकी मारून वाजवून पाहावे, ही रीत आपल्याकडे लहान मुलीलाही ठाऊक असते. मडके खणखणीत वाजले तर धड. बद्द वाजले तर त्याला कोठेतरी चीर गेलेली आहे. रेल्वेच्या स्थानकावर गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकामागून चाक ठोकीत जाणारा कामगार जुन्या पिढीतील वाचकांनी पाहिलेला असेल. त्याचाही न्याय हाच. वस्तू फोडावयाची नाही, उघडावयाची नाही. बाहेरून एक आवाज आत सोडावयाचा आणि तो काय सांगतो ते कान देऊन ऐकावयाचे. आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत ती या साध्या रीतीचीच पुढची कथा आहे. ती कारखान्यातील लोखंडापासून सुरू होते आणि माणसाच्या छातीत बसविलेल्या पंपापाशी येऊन पोहोचते. त्या शेवटच्या ठिकाणी ‘मोजलेले’ आणि ‘अंदाजाने ठरविलेले’ यांतील अंतर हे एखाद्याच्या जगण्यामरण्याचे अंतर ठरू शकते.

टिचकीला एक मर्यादा आहे. समुद्राची मोठी लाट पाण्यात रोवलेल्या बारीक काठीला जुमानीत नाही, ती तिला वळसा घालून पुढे जाते. खडकावर आपटली म्हणजे मात्र मागे फिरते. ध्वनीचेही तसेच आहे. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने धावतो. आपल्या कानाला सहज ऐकू येणारा, सेकंदाला एक हजार कंपनांचा आवाज पोलादात सोडला, तर त्याची एकेक लाट जवळजवळ सहा मीटर लांब होते. तिच्यापुढे केसाएवढ्या चिरेची काय मातब्बरी! तीच कंपने सेकंदाला पन्नास लाख केली, की लाटेची लांबी एका मिलिमीटरहून किंचित अधिक एवढीच उरते, आणि लहानशी भेगही तिला अडवून परत पाठवू शकते. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपलीकडे ऐकू शकत नाही. त्या पलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. ‘सोनोग्राफी’ या शब्दामुळे तो आता घरोघर परिचयाचा झाला आहे.

हा न ऐकू येणारा आवाज काढावयाचा कशाने आणि ऐकावयाचा कोणत्या कानाने? याचे उत्तर झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८०-८१ मध्ये पॅरिस येथे शोधून ठेविले होते. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांवर विद्युत् भार प्रकट होतो. आणि उलट, त्यांना विद्युत् दाब दिला की ते किंचित आकुंचन वा प्रसरण पावतात. म्हणजे एकच स्फटिक मुखही झाला आणि कानही झाला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्याखालील पाणबुड्या हुडकण्यासाठी या गुणाचा उपयोग केला. पुढे सोव्हिएत रशियात सोकोलोव यांनी धातूमधील दोष अशा ध्वनीने शोधण्याची कल्पना मांडली, आणि अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४० मध्ये आपल्या प्रतिध्वनी-यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला.

त्या यंत्राचा हिशेब कोणाही गृहिणीला समजण्याजोगा आहे. बॉयलरच्या पत्र्याची जाडी २० मिलिमीटर आहे असे समजा. बाहेरून सोडलेला ध्वनी आतल्या कडेवर आपटून परत येईपर्यंत ४० मिलिमीटर धावतो, आणि त्याला सुमारे सात दशलक्षांश सेकंद लागतात. तो पाचांतच परत आला, तर आतून गंजून पत्रा १५ मिलिमीटर उरला आहे, हे बॉयलर न उघडता कळले. ठरल्या वेळेच्या आधीच मधून एखादा प्रतिध्वनी आला, तर तेथे भेग आहे. आपल्या देशात रेल्वेचे रूळही याच रीतीने तपासले जातात. रुळावरून तपासणीची लहान ढकलगाडी नेणारे कामगार ज्या भेगेपाशी थांबतात, ती वरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतेच असे नाही. रात्री निश्चिंत झोपलेल्या प्रवाशांना त्यांची नावे ठाऊक नसतात, पण ती झोप काही अंशी त्यांचीच देणगी होय.

आता ही विद्या लोखंडाकडून हृदयाकडे कशी वळली ते पाहावे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसलेले रोगी त्यांच्याकडे येत. शस्त्रक्रियेपूर्वी झडपेची नेमकी अवस्था जाणून घेण्याचा सोपा मार्ग त्या काळी नव्हता. त्यांनी हा प्रश्न कार्ल हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकापुढे ठेविला. हर्ट्झ जवळच्या माल्मो बंदरातील जहाजांच्या कारखान्यात गेले. तेथे पोलादाचे जोड तपासण्याचे ध्वनियंत्र होते. ते त्यांनी स्वतःच्या छातीला लावून पाहिले, तो पडद्यावर एक प्रतिध्वनी मागे-पुढे हलताना दिसला. लोखंडातील प्रतिध्वनी स्थिर असतो. हा हलत होता, कारण तो जिवंत हृदयाचा होता. १९५३ च्या ऑक्टोबरात एडलर आणि हर्ट्झ यांनी अशा यंत्राने हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. आज ‘इको’ काढून आणा असे डॉक्टर सांगतात, त्या तपासणीचा जन्म असा एका गोदीतून झाला.

परंतु भेग शोधणे ही या ध्वनीची एक कामगिरी झाली. दुसरी अधिक नाजूक आहे, ती म्हणजे वाहते द्रव्य मोजणे. नदीत प्रवाहाबरोबर जाणारी होडी लवकर पोहोचते, उलट जाणारीला वेळ लागतो. दोन्ही वेळांतील फरकावरून नावाडी पाण्याचा जोर ओळखतो. नळीच्या दोन बाजूंना, एक किंचित वर आणि एक किंचित खाली, असे दोन स्फटिक बसविले आणि एकदा प्रवाहाच्या दिशेने व एकदा उलट असा ध्वनी तिरपा पाठविला, तर त्यांच्या पोहोचण्याच्या वेळांत असाच फरक पडतो. त्या फरकावरून नळीतून किती द्रव्य वाहते ते कळते. नळी कापावी लागत नाही, आत काही घालावे लागत नाही, प्रवाहाला कसलाही अडथळा होत नाही. पाणीपुरवठ्याचे मोठे नळ आणि तेलशुद्धीकरणाचे कारखाने या रीतीचा उपयोग करतात.

आता हृदयाच्या पंपाकडे येऊ. निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे पाच लिटर, म्हणजे दिवसाला सात हजार लिटरांहून अधिक रक्त पुढे ढकलते. ज्यांचे हृदय अगदी दुबळे झाले आहे, त्यांना दुसऱ्याचे हृदय मिळणे हा एक उपाय. पण अशी हृदये फारच थोडी मिळतात. म्हणून डाव्या कप्प्यातील रक्त ओढून महारोहिणीत सोडणारा पंप हृदयाच्या मदतीला बसविण्याची विद्या निघाली. हृदयरोपण ज्यांना शक्य नव्हते अशा १२९ अत्यवस्थ रोग्यांवर अमेरिकेत झालेल्या पाहणीचा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षाअखेर पंप बसविलेल्यांपैकी ५२ टक्के जिवंत होते. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के.

ते पंप आकाराने मोठे होते आणि हृदयासारखे ठोके देत असत. त्यांच्या पाठोपाठ लहान, अखंड फिरणारे पंप आले. त्यांपैकी एकाची कथा सांगण्यासारखी आहे. डेव्हिड सॉसिअर हे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतील अभियंते. १९८४ मध्ये ह्यूस्टन येथे त्यांच्यावर हृदयरोपण झाले. प्रख्यात शल्यविशारद मायकेल डीबेकी यांच्याकडे ते उपचारासाठी होते. बरे झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीबेकींबरोबर एका लहान पंपावर काम सुरू केले. अंतराळयानाच्या इंजिनातील इंधनप्रवाहाचे गणित ज्यांना ठाऊक होते, त्यांनीच रक्ताच्या प्रवाहाचे गणित मांडले, आणि पात्यांचा आकार असा सुधारला की तांबड्या पेशी भरडल्या जाण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले. तळहातावर मावेल एवढा हा पंप १९९८ मध्ये युरोपात प्रथम माणसाच्या देहात बसविण्यात आला.

अशा पंपाचा एक परिणाम पहिल्या भेटीत नातेवाइकांना चकित करतो. रक्त अखंड वाहत असल्याने पुष्कळदा मनगटावर नाडी लागतच नाही. माणूस समोर बसून चहा घेत आहे, बोलत आहे, आणि नाडी नाही! रक्तदाब मोजण्याचे नेहमीचे यंत्रही अशा वेळी नीट उत्तर देत नाही. मग दंडाला पट्टा बांधून धमनीवर श्राव्यातीत ध्वनीची लहानशी कांडी धरावी लागते. मनगटाने मौन धरले की पुन्हा प्रतिध्वनीलाच साक्षीला बोलवावे लागते ते असे.

तथापि खरा प्रश्न याहून खोल आहे. पंप फिरत आहे, पण त्यातून रक्त किती जात आहे? आज वापरात असलेले पंप याचे उत्तर बहुधा गणिताने देतात. पंपाने वीज किती घेतली, तो किती वेगाने फिरला, रक्त किती दाट आहे, यांवरून प्रवाहाचा आकडा काढून तो पेटीच्या पडद्यावर दाखवितात. नेहमीच्या दिवशी हा आकडा उपयोगी असतो. पण शेतकरी वाचक येथे थांबून विचार करतील. विहिरीवरच्या पंपाच्या पात्यांत चिंधी अडकली तर काय होते? मोटार कण्हते, अधिक वीज ओढते, आणि पाणी मात्र कमी येते. विजेवरून पाण्याचा हिशेब करणारा त्या दिवशी म्हणेल, ‘वा, आज पाणी भरपूर!’ हृदयाच्या पंपात रक्ताची गुठळी धरली की नेमके हेच घडते. वीज वाढते आणि पडद्यावरचा आकडा चढतो, पण रक्त प्रत्यक्षात कमी वाहत असते. संकट जवळ येत असता आकडा चांगली बातमी सांगतो. जाणते डॉक्टर हे ओळखून असतात. अकस्मात चढलेल्या आकड्याने ते आनंदित होत नाहीत, सावध होतात.

डीबेकी पंपाच्या कर्त्यांनी येथे दुसरा मार्ग धरला होता. पंपातून बाहेर पडणाऱ्या नळीभोवती त्यांनी प्रवाह मोजणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीचे एक लहान कडे बसविले. ते अंदाज करीत नव्हते, मोजीत होते. मोजण्याची ही करामत केवढी सूक्ष्म असते ते पाहा. सुमारे दीड सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून मिनिटाला पाच लिटर रक्त वाहिले, तर त्याची गती सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर होते. रक्तात ध्वनीची गती मात्र सेकंदाला दीड हजार मीटरांहून अधिक. दोन सेंटीमीटरांच्या तिरप्या वाटेवर जाणाऱ्या व येणाऱ्या ध्वनीच्या वेळांत फरक पडतो तो सुमारे सहा अब्जांश सेकंदांचा! एवढ्याशा फरकावर, नळीतून रक्त खरोखर जाते की नाही, याची साक्ष उभी असते.

मग सर्वच पंपांना असे कडे का नसावे? देहात ठेविलेली प्रत्येक जास्तीची वस्तू बिघडू शकते, आणि तिच्यासाठी पोटातून बाहेर येणाऱ्या तारेत आणखी धागे घालावे लागतात. ती तार ज्या जागी कातडीतून बाहेर येते, तेथे जंतूंना वाट मिळते, हे तर सर्वच पंपांचे दुखणे आहे. पुढे दुसऱ्या पंपांनी त्या पंपाची जागा घेतली. नव्या पंपांत चक्र चुंबकाच्या बळावर अधांतरी फिरते आणि गुठळीचे भय पुष्कळच कमी झाले आहे. पण ते नाहीसे झालेले नाही. म्हणून देहात वर्षानुवर्षे टिकेल, थोडी वीज घेईल आणि खरे सांगेल असे मापन साधणे, हे अभियंत्यांपुढील काम अद्याप संपलेले नाही.

आपल्या देशातही मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत असे पंप बसविले जातात. खर्च लक्षावधी रुपयांचा असल्याने ते थोड्यांच्याच आवाक्यात आहेत. ज्या घरात असा रोगी असेल, तेथील मंडळींना आम्ही एवढेच सुचवू: पडद्यावरचा आकडा रोज लिहून ठेवा, पण त्यावर विसंबून राहू नका. आकडा किंवा वीज एकाएकी वाढली, लघवी चहासारखी काळपट झाली, धाप लागू लागली किंवा पंपाची घंटा वाजली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. माणसाकडे पाहणारा घरातील डोळा हेही एक मापनयंत्रच आहे.

कारखान्यातील मापनाचे संशोधन म्हटले म्हणजे ते आपल्या संसारापासून दूरचे, रुक्ष काम वाटते. परंतु जहाजाचा जोड तपासण्यासाठी केलेले यंत्र हृदयाची झडप दाखवू लागले आणि तेलाचा नळ मोजण्याची रीत रक्ताची नळी मोजू लागली, ती त्या रुक्ष कामामुळेच. त्या कामाचा धर्म एकच: जे उघडून पाहता येत नाही, त्याविषयी मनाला बरे वाटेल ते न बोलता, प्रतिध्वनी जे सांगेल तेच नोंदवावयाचे. अनोळखी रोग्याचा जीव ज्या सहा अब्जांश सेकंदांवर अवलंबून आहे, ते कोणी तरी, कोठे तरी, प्रामाणिकपणे मोजून ठेविले पाहिजेत.