प्रमाणपत्र हाती, हप्ता डोक्यावर

लातूर म्हटले की महाराष्ट्राला ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. गुणवत्ता यादीत झळकणारी, डॉक्टर-इंजिनिअर होणारी मुले आणि त्यांना घडविणारे शिकवणी वर्ग यांचे कौतुक वर्तमानपत्रांतून नित्य होत असते. पण त्याच लातूर-नांदेडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडारी, कातारी, संधाता, पत्रे कारागीर होऊन जी मुले दरवर्षी बाहेर पडतात, त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. यांतली बहुतेक मुले कोरडवाहू शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. बापाने मुकादमाकडून उचल घेतली आणि ती फेडण्यात उमेद घालविली. मुलाने हाती कसब घ्यावे आणि त्या फेऱ्यातून सुटावे, एवढीच या घरांची आशा असते. ती आशा फळाला येते काय, याचा हिशेब कोणीतरी मांडला पाहिजे.

प्रथम कमाईचा विचार करू. प्रमाणपत्र मिळाल्यावर मुलाची पहिली पायरी शिकाऊ उमेदवारीची. ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने बांधलेली आहे. या कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे उमेदवार हा ‘कामगार’ नव्हे, ‘प्रशिक्षणार्थी’ होय. त्यामुळे सुरक्षा आणि अपघात-भरपाई यांसारख्या तरतुदी सोडल्या तर कामगार कायद्यांचे संरक्षण त्याला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतही तो कामगाराच्या व्याख्येबाहेरच राहिला. यंत्रावर तो कायम कामगाराच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो, उत्पादन त्याच्याही हातून निघते. परंतु महिनाअखेर हातावर पडते ते वेतन नसते, ‘विद्यावेतन’ असते.

हे विद्यावेतन किती? २०१४ च्या नियमांनी ते राज्यातील अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडले होते : पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९० टक्के. किमान वेतन वाढले की विद्यावेतनही वाढावे, अशी ती योजना होती. २०१९ मध्ये हा सांधा तोडण्यात आला आणि ठोक रकमा ठरविण्यात आल्या. प्रमाणपत्रधारक कारागिराच्या वाट्याला दरमहा किमान ७,००० रुपये आले. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाचे २६९ रुपये होतात. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवरील मजुरीचा केंद्राने ठरविलेला दर २०६ रुपये होता, म्हणजे शिकलेला हात अशिक्षित हातापेक्षा थोडा तरी महाग होता. पुढे मजुरीचा दर वाढत गेला आणि २०२५-२६ साठी तो ३१२ रुपये झाला. विद्यावेतनाचा किमान आकडा मात्र जागचा हलला नाही. अखेर मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली. हमीचे काम बारमाही मिळत नाही, हे खरे. पण दोन वर्षे कानस, लेथ आणि मोजपट्टी यांच्याशी झटलेल्या तरुणाच्या दिवसाची किंमत माती उचलणाऱ्या मजुराच्या दिवसापेक्षा कमी लावली जाते, याला कोणते अर्थशास्त्र म्हणावे? मजुराला जास्त मिळते, ही तक्रार नाही. त्याला मिळते तेही अपुरेच आहे.

आता खर्चाची बाजू. नांदेड-लातूरमध्ये मोठे कारखाने थोडे. निजामी राजवटीत उभी राहिलेली नांदेडची उस्मानशाही मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. तिच्याबरोबर गावातच कायम नोकरी मिळण्याची एक वाटही बंद झाली. मग मुलगा चाकणला, भोसरीला, वाळूजला किंवा हैदराबादला जातो. खोलीची अनामत, खानावळ, प्रवास, कामावर जाण्यासाठी दुचाकी, हे सारे पहिला पगार येण्याआधीच लागते. मुलगा खाजगी संस्थेत शिकला असेल तर तिच्या शुल्काचे कर्ज आधीच डोक्यावर असते. शासकीय संस्थेतील पात्र विद्यार्थ्यांना अनेक दशके महिन्याला ४० रुपये विद्यावेतन मिळत होते. ते ५०० रुपये करायला २०२३ साल उजाडावे लागले. तेव्हा शिकतानाच कर्ज होते यात नवल ते कोणते?

समजा, घराने सावकाराकडून ६०,००० रुपये शेकडा तीनने उचलले. महिन्याला नुसते व्याज १,८०० रुपये होते, म्हणजे विद्यावेतनाचा चौथा हिस्सा मुद्दलाला हात न लावताच गेला. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ खाली बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के ही मर्यादा आहे. शेकडा तीन म्हणजे ३६ टक्के, बरोबर दुप्पट. शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, स्वतः उचलते आणि २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा करते. सरकार १,५०० रुपये देते आणि सावकार १,८०० रुपये नेतो! सार्वजनिक तिजोरीतील पैसा शेवटी कोणाच्या पेटीत पडतो, हे समजायला आणखी पुरावा कशाला हवा?

सावकाराच्या जोडीला आता सूक्ष्म वित्तसंस्था आल्या आहेत. कर्ज आईच्या नावावर, हप्ता मुलाच्या कमाईवर, अशी वाटणी झालेली असते. मार्च २०२२ च्या चौकटीत रिझर्व्ह बँकेने व्याजदरावरील कमाल मर्यादा उठविली. मात्र कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाता कामा नये, असे बंधन घातले. गल्लीगल्लीतून हप्ते गोळा करणाऱ्यांना हे बंधन ठाऊक असते. ज्यांच्याकडून ते गोळा होतात त्यांना नसते. आणि सरकारचा उपाय कोणता? कौशल्य कर्जाची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखावरून साडेसात लाखांवर नेण्यात आली. कमाई वाढविण्याऐवजी कर्ज काढण्याची सोय वाढविणे म्हणजे बुडणाऱ्याला आणखी खोल पाणी दाखविणे होय.

उमेदवारी संपल्यावर तरी स्थैर्य येते काय? कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे मालकाने उमेदवाराला नोकरी दिलीच पाहिजे असे नाही. इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. परंतु भरतीच कंत्राटदारामार्फत होऊ लागली की प्राधान्य मागायचे कोणाकडे? २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यातही प्रमाणपत्रधारकाला ८,००० रुपये आणि सहा महिन्यांची मुदत. पुढे ती अकरा महिन्यांपर्यंत वाढविली. काम तेच आणि हातही तेच, फक्त नाव बदलते : आधी उमेदवार, मग प्रशिक्षणार्थी, मग कंत्राटी. तिशी जवळ येते तरी या तरुणाचे ‘शिकणे’ संपत नाही, आणि जो कायम शिकाऊ असतो त्याला कायम कामगाराचा हक्क कधीच पोहोचत नाही.

‘नोकरीच्या मागे कशाला लागता? स्वतःचे दुकान काढा,’ असा उपदेश व्यासपीठावरून करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी, नेमक्या मराठवाडा मुक्तिदिनी, सुरू झाली. लोहाराला अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज, अशी तिची रचना आहे. स्वस्त कर्ज वाईट नाही. पण वेल्डिंगच्या दुकानात गिऱ्हाईक कोण? शेतकरीच. ट्रॉलीचा जोड, कोळप्याचे फाळ, घराची जाळी, हे सारे काम सोयाबीनच्या पैशावर चालते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात मराठवाड्याच्या शेतकऱ्याला त्याहून कमी भाव घ्यावा लागला. शेतकऱ्याची उधारी थकली की कारागिराचा हप्ता थकतो. शेतमालाच्या भावाचा आणि कारागिराच्या कर्जाचा प्रश्न असा एकाच दोरीने बांधलेला आहे.

लातूरजवळ हरंगुळ येथे रेल्वे डबे कारखान्याची कोनशिला ३१ मार्च २०१८ रोजी बसली. २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पुढे २०२३ मध्ये शयनयान वंदे भारत गाड्या बांधण्याचा करार रशियन कंपनी आणि रेल विकास निगम यांच्या भागीदारीशी झाला. डबा बांधायचा म्हणजे संधाता, जोडारी आणि पत्रे कारागीर यांच्याच हातांनी. मग या सार्वजनिक पैशाच्या कारखान्यात नांदेड-लातूरच्या किती प्रमाणपत्रधारकांना कायम हजेरीपटावर घेतले जाते आणि किती जणांना ठेकेदाराच्या वहीत टाकले जाते, हे जाहीर करण्याची मागणी आपण केलीच पाहिजे. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा १९८४ च्या दांडेकर समितीपासून चालू आहे. विकास मंडळाची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली. कोनशिलांनी भरून निघेल असा हा अनुशेष नव्हे.

काही जण म्हणतील, मुलांना मोबाईल आणि मोटारसायकली हव्यात, म्हणून ती कर्जात बुडतात. उधळणारी मुले असतील. ती कोणत्या वर्गात नसतात? पण उधळायला आधी शिल्लक लागते, आणि वर मांडलेल्या हिशेबात ती कोठे दिसत नाही.

म्हणून तीन मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत. विद्यावेतन पुन्हा किमान वेतनाशी जोडावे आणि दरवर्षी वाढवावे. उमेदवारी पूर्ण केलेल्यांची कारखानानिहाय यादी जाहीर करून भरतीत तिचा क्रम पाळावा. अवैध सावकारीच्या तक्रारींवर तालुक्याच्या सहायक निबंधकाने ठराविक मुदतीत निर्णय द्यावा. मागण्यांबरोबर कामही हवे. कार्यकर्त्यांनी संस्थांच्या फाटकापाशी आणि कर्जदार बायांच्या बैठकीत बसून हप्त्यांचा हिशेब तपासावा, निम्म्या उत्पन्नाची मर्यादा समजावून सांगावी. सूक्ष्म वित्तसंस्थेच्या वसुलीदाराने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येऊ नये, हा नियमही घराघरांत माहीत व्हावा. आणि कामगार संघटनांनी सभासदत्वाचे दार कायम कामगारांपुरते न ठेवता उमेदवार आणि कंत्राटी तरुणांसाठी उघडावे. कायद्याने या तरुणाला कामगार म्हणायचे नाकारले आहे. संघटनेने तरी त्याला आपला म्हटले, तरच बापाची उचल मुलाच्या हप्त्यात उतरण्याची ही परंपरा तुटेल.