आईला मुंबई दाखवू नका, मुंबईत फिरू द्या



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बायका मुंबईला जातात त्या मुख्यतः दोन कारणांनी. एक, मुलगा नाहीतर मुलगी तिथे नोकरीला असते. दुसरं, घरातल्या कुणाचा तरी इलाज सुरू असतो. दोन्ही वेळी मुक्काम चांगला महिना-दोन महिन्यांचा होतो. आणि दोन्ही वेळी बहुतेकजणी परत येऊन एकच सांगतात, "मुंबई काही पाहिली नाही बाई, घरातच होते. बाहेर गर्दी फार."

गर्दी आहे, हे खरंच. पण त्या गर्दीच्या नावाखाली आपल्या बायकांना घरात बसवून ठेवलं जातं, आणि ते मला पटत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने तिथली लोकल, बस आणि मेट्रो शिकून घ्यावी, आणि मुलांनी ती शिकवावी. "आई, तू थांब, रविवारी गाडी बुक करून नेतो" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण त्यामुळे आई सहा दिवस सोफ्यावर आणि सातव्या दिवशी ट्रॅफिकमध्ये बसते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सिरोंच्याची बाई गडचिरोलीला यायचं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता कापते. अहेरी, आलापल्ली, आष्टी अशी गावं मागे टाकत, कधी एसटी, कधी काळी-पिवळी, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर अलीकडेच मुक्काम. कोणती गाडी कुठे सोडायची, शेवटची बस किती वाजता, कंडक्टरला काय विचारायचं, हे सगळं तिला येतं. दर चार मिनिटांनी गाडी येणारं शहर तिला जमणार नाही, हे कुणी ठरवलं? गाडी चुकली तर आपल्याकडे दिवस जातो, तिथे चार मिनिटं जातात.

दुसरं म्हणजे ते शहर आपल्या भाषेतलं आहे. बेस्टच्या बसवर पुढे क्रमांक आणि ठिकाण मराठीत लिहिलेलं असतं. स्टेशनवर सूचना मराठीत होतात, पाट्या मराठीत असतात. बँकॉक-सिंगापूरला जाऊन मेट्रोचं कौतुक करणाऱ्या आपल्या मंडळींना तिथे एक अक्षर वाचता येत नसतं, तरी ते फिरतात. आपल्याला तर सगळं वाचता येतं.

आता कामाचं सांगते. नंदीग्रामने गेलात तर बल्लारपूरहून थेट मुंबईला उतरता. वडशाकडच्या बायका गोंदिया किंवा नागपूर गाठून पुढे जातात. तिथे उतरल्यावर तीन गोष्टी कळल्या की पुरे. मध्य, पश्चिम आणि हार्बर अशा लोकलच्या तीन मुख्य वाटा आहेत. मध्य आणि पश्चिम दादरला एकमेकींना भेटतात. आणि धीमी गाडी सगळीकडे थांबते, जलद गाडी मोजक्या ठिकाणी. नवख्या बाईने धीमीच धरावी, पाच-दहा मिनिटं जास्त लागतील पण स्टेशन सुटणार नाही. दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट ५ रुपये आहे. पाहुण्यांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचे पासही मिळतात. महिलांचे डबे वेगळे असतात, फलाटावर ते कुठे येतात हे शेजारी उभ्या असलेल्या कुणाही बाईला विचारा, ती हात धरून नेईल. चर्चगेट ते बोरिवली फक्त बायकांची लोकल ५ मे १९९२ ला सुरू झाली. म्हणजे बायकांनी एकट्याने फिरणं ही तिथे नवी गोष्ट नाही.

ज्यांना लोकलची धास्ती वाटते त्यांनी मेट्रोपासून सुरुवात करावी. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, दादर, सिद्धिविनायक सगळं एकाच वाटेवर. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, दरवाजे आपोआप बंद होतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला याहून सोपं काही नाही. बेस्टची साधी बस मे २०२५ पासून किमान १० रुपये आणि एसी बस १२ रुपये झाली. आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ते बेस्टमध्ये धरू नका, कंडक्टरशी वाद होईल.

हे सगळं मी फिरण्याच्या हौसेपोटी सांगत नाही. माझी एक लांबची नणंद आरमोरीकडची. यजमानांच्या आजारासाठी परळला टाटा रुग्णालयात जावं लागलं, मुक्काम दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत. परळ भागात रिक्षा चालतच नाही, टॅक्सीच करावी लागते आणि टॅक्सीचं मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं. पहिला आठवडा त्यांनी जाता-येता टॅक्सी केली. कधी तपासणीला, कधी रिपोर्टला, कधी औषधाला. मग शेजारच्या खोलीतल्या जळगावच्या एका बाईने तिला बसचा क्रमांक सांगितला आणि दोन दिवस सोबत नेलं. त्यानंतर ती एकटी रिपोर्ट आणायला जायची आणि यजमान धर्मशाळेत आराम करायचे. पैसे वाचले ते वाचलेच. पण ती मला म्हणाली, "वहिनी, सगळं डॉक्टरच्या हातात होतं, एवढं एक माझ्या हातात आलं." मला वाटतं, या एका वाक्यात सगळं आलं. रुग्णासोबत गेलेली बाई आधीच सगळ्यांवर अवलंबून असते. तिला बसचा क्रमांक माहीत असणं ही छोटी गोष्ट नाही.

अशा घरांनी आणखी दोन सवलती लक्षात ठेवा. कॅन्सरच्या रुग्णाला इलाजासाठी जाता-येता रेल्वेच्या लांबच्या गाड्यांत भाड्यात सवलत असते, सोबत्यालाही असते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. आणि लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर बायका बसू शकतात.

आता मुलं जे म्हणतात तेही ऐकू. "आई, लोकलमध्ये माणसं मरतात." मरतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दाराशी लटकलेली माणसं धावत्या गाडीतून पडली. ही भीती खोटी नाही, आणि रोज कामावर जाणाऱ्यांना ती टाळताही येत नाही. पण पाहुणीला वेळ निवडता येते. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ ती गाडीत चढणारच नाही. साडेअकरा ते चार हा वेळ आपला. दाराजवळ उभं राहायचं नाही, चालती गाडी पकडायची नाही, रूळ ओलांडायचे नाहीत, गळ्यात सोनं घालायचं नाही. अडचण आली तर १३९ वर फोन करायचा. एवढं पाळलं तर उरते ती भीती मुलांची, आईची नाही.

चौविहार पाळणाऱ्यांना ही वेळ तशीही सोयीची आहे. मुंबईत सूर्यास्त आपल्या चंद्रपूरपेक्षा सुमारे २५ मिनिटं उशिरा होतो. तरी हिवाळ्यात सहाच्या सुमारास जेवण आटोपायचं तर चारला परतीची गाडी धरावीच लागते. सोबत खाकरे, दशमी आणि उकळलेलं पाणी ठेवा. सकाळची पूजा आटोपून निघालात तर वाळकेश्वरच्या देरासरात दर्शन घेऊन दिवस असताना घरी येता. आपण भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनाला एसटीने जातोच, त्याला कुणी धाडस म्हणत नाही.

आणखी एक. आपली साधू-साध्वी मंडळी पायी विहार करतात, वाहन वापरत नाहीत. आपल्याला तेवढं जमत नाही. पण हजार माणसं घेऊन निघालेल्या गाडीत एक जागा घेणं आणि एका बाईसाठी एक मोटार रस्त्यावर आणणं, यात हिंसा कशात कमी हे सांगायला पंडित लागत नाही. आपण तर कोळशाच्या धुराजवळ राहणारी माणसं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, आणि इथून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी गेली आहे. राख आपल्या गच्चीवर पडते. तिकडच्या सोयीत आपलाही वाटा आहे, तेव्हा ती वापरताना संकोच कशाचा?

आणि परत आल्यावर गप्प बसू नका. जी बाई महिनाभर चार मिनिटांच्या गाडीने फिरली, तिने आपल्या गावच्या थांब्यावर दोन तास उभं राहून "इथे असंच असतं" म्हणू नये. गडचिरोली जिल्ह्यात आजवर रेल्वे म्हणजे वडसा स्टेशन. वडसा ते गडचिरोली मार्ग किती वर्षं ऐकतोय. एसटीची फेरी बंद झाली की आगारात अर्ज द्यायला बायका जात नाहीत, पुरुष मोटारसायकलने निघून जातात. बस बायकांना लागते, तर मागायलाही बायकांनीच जावं.

मुलांनो, आई आली की पहिल्या आठवड्यात दोन दुपारी काढा. एकदा लोकलने, एकदा मेट्रोने तिच्यासोबत जा. तिसऱ्यांदा तिला पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा. चौथ्यांदा घराच्या किल्ल्या, स्टेशनचं नाव लिहिलेला कागद आणि चार्ज केलेला फोन द्या, आणि ऑफिसला जा.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी मुंबईत एकटीने फिरल्या असाल तर आपापल्या मंडळात सांगा. पुढच्या महिन्यात कुणीतरी जाणारच आहे.